मंडईच्या दुसऱ्या दिवशी

चौथ्या क्रमांकाची ओळ नूतननं दोनदा वाचली आणि मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. एसटीनं कठाणीचा पूल ओलांडला होता. खिडकीची काच एकसारखी खडखडत होती, शेजारची बाई पिशवीतले पेरू एकेक करून दाबून पाहत होती, आणि दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं धान उन्हात स्वस्थ उभं होतं. सगळं रोजच्यासारखंच होतं. सावरझरीच्या जिल्हा परिषद शाळेच्या पालक ग्रुपवर, तिच्या हाताखाली यंदाच आलेल्या निकेश गुरुजींनी सकाळीच दिवाळीच्या सूचना टाकल्या होत्या. एकूण सात. खाली 'आदेशावरून, मुख्याध्यापिका नूतन भोयर'. त्याखाली कुणाकुणाचे अंगठे, कुणाचे जोडलेले हात, एकाचा तर गुलाबही. आणि मधोमध चौथी सूचना: 'मंडईच्या दुसऱ्या दिवशी शाळा नियमित भरेल. शंभर टक्के उपस्थिती अनिवार्य आहे.' निकेशवर चिडायची सोय नव्हती. परवा कपाट आवरता आवरता तिनंच त्याला म्हटलं होतं, मागच्या वर्षीच्याच घ्या, तारखा तेवढ्या बदला. एवढं म्हणून ती पुन्हा कपाटात डोकं घालून बसली. मागच्या वर्षीचा कागद म्हणजे काय, हे त्या क्षणी तिला आठवलं नाही. आठवलं नाही! वर्षभर दुसरं काही आठवत नव्हतं आणि नेमकं तेव्हा आठवलं नाही. माणसाच्या डोक्याला लाज कशी ती नसतेच, असं तिला वाटलं.

तशी ती ओळ जुनी, सात वर्षांपूर्वीची. झाडीपट्टीतल्या गावांना मंडई म्हणजे काय ते बाहेरच्या साहेबांना सांगून कळत नाही. दिवाळी सरली की गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, पाहुणे येतात, लेकीजावई येतात, रात्री नाटक लागतं आणि ते उजाडेपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी गाव उठतं कधी, तर ऊन डोक्यावर आल्यावर. त्या दिवशी शाळेत मूल येत नाही, मास्तर येत नाही, घंटा होत नाही. हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. आठ वर्षांपूर्वी मात्र एक नवे साहेब नेमके त्याच दिवशी गाडी घेऊन दारात उभे राहिले. कुलूप पाहिलं, फोटो काढला, नोटीस धाडली. तेव्हापासून नूतन दर दिवाळीला ही ओळ सूचनांमध्ये टाकत आली. साहेबासाठी. पुन्हा कुणी विचारलंच तर कागद दाखवता यावा, आम्ही तर पालकांना कळवलं होतं म्हणून. पालकही ती वाचून हसायचे. शाळा समितीचे अध्यक्ष गुणवंतराव तर तोंडावर म्हणायचे, "म्याडम, तुमची ते चार नंबरची सूचना लय कडक हाये बा." तीही हसायची. मग मंडईच्या दुसऱ्या दिवशी ती गडचिरोलीला घरीच राहायची, केसांवरून नहायची, दुपारी लेकीशी फोनवर तासभर बोलायची, आणि तिसऱ्या दिवशी जाऊन हजेरीपटावर तीस-बत्तीस पोरं हजर मांडून टाकायची. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. सहा वर्षं खरोखरच बिघडलं नाही.

पण बेहडाटोला गावात मोजला जात असला तरी गावात नव्हता. शाळेपासून दोन किलोमीटर, मध्ये सागाचं आणि बांबूचं रान, सात घरं माडिया-गोंडांची. त्यांचे देव वेगळे, त्यांचे सण वेगळे, मंडईच्या नाटकाला त्यांतले दोन-चार जण येऊन मागच्या बाजूला उभे राहायचे इतकंच. तिथल्या इसरू हलामीची थोरली पोर करिश्मा. घरात शाळेत गेलेलं पहिलं माणूस तीच. चौथीत होती. हातापायानं काटकुळी, डोळे मात्र सारखे पाहत असलेले. मराठी बोलताना अडखळायची, पण वाचायला दिलं की थांबायची नाही. साबणाचा कागद असो, खताची गोणी असो, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. सूचनांचा कागद घरी नेऊन तिनं आईबापाला बसवून वाचून दाखवला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि एकेक ओळ गोंडीत समजावली होती. हे नूतनला नंतर कळलं. अनिवार्य म्हणजे काय, असं इसरूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, गेल्याशिवाय चालत नाही. गेल्या वर्षी मंडई आली शुक्रवारी. दुसरा दिवस शनिवार, म्हणजे सकाळची शाळा, साडेसातची. इसरू अंधारातच पलीकडच्या बांधीत धान कापायला गेला होता. आई सुकरीनं पोरीला भाकर दिली, वेणी घातली आणि धाडलं. रोज त्या वाटेनं कुणी दूध घेऊन जाणारं असतं, कुणी सरपणाला, कुणी गावातून रानाकडे येणारं. पोरं त्यांच्या मागंपुढं चालतात. त्या दिवशी वाटेवर कुणीच नव्हतं. सगळा मुलूख झोपला होता. पोर शाळेपर्यंत नीट पोहोचली. कुलूप पाहून परत फिरली. परतीच्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडे, बांबूच्या बेटाशी वाघानं तिला उचललं.

ती शाळेपर्यंत पोहोचली होती, हे नूतनशिवाय कुणालाही ठाऊक नाही. गुणवंतरावांचा फोन आला तेव्हा दहा वाजले होते आणि नूतन पोह्यांना फोडणी देत होती. गॅस बंद केला की नाही हे तिला रस्त्यात आठवेना. ती पोहोचली तेव्हा सगळं गाव रानाकडे धावलेलं, शाळेत चिटपाखरू नव्हतं, आणि व्हरांड्यात रोजचा फळा होता. वार, दिनांक, सुविचार, एकूण पट, आज हजर. त्या आठवड्यात फळा लिहायची पाळी करिश्माची. खिडकीत ठेवलेल्या खडूच्या तुकड्यानं तिनं तो पूर्ण लिहिला होता. वार शनिवार. पट चौतीस. आज हजर, एक. सुविचाराची जागा तेवढी रिकामी होती, तो रोज बाई सांगत. नूतन त्या फळ्यासमोर किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मग रानाकडून माणसांचा आवाज जवळ यायला लागला आणि तिनं तळहातानं तो पुसून काढला. डस्टर शोधायलाही थांबली नाही. हात खडूनं पांढरा झाला, तो तिनं साडीला पुसला, आणि रडत रडत बाहेर आली. रडणं खोटं नव्हतं. हेच तिला वर्षभर कळत नाही, की रडणंही खरं होतं आणि पुसणंही खरंच होतं, आणि दोन्ही एकाच हातानं झालं.

बाकीचं गुणवंतरावांनी केलं. माणूस वाईट नाही. पोरीच्या चितेची लाकडं त्यांनी स्वतःच्या बैलबंडीतून नेली. तिसऱ्या दिवशी ते ठरावाचं रजिस्टर काखेत घालून आले आणि टेबलासमोर बसले. "म्याडम," ते म्हणाले, "आता साहेबलोक येतीन. पेपरवाले येतीन. शाळा होती का नोती, हे पयले इचारतीन. होती म्हनसान तर कुलूप काऊन होतं? नोती म्हनसान तर हे सूचना काऊन काढली? दोनीकडून तुमीच सापडता." मग त्यांनी रजिस्टर उघडलं. "आपून असं लिहू, का शुक्रवारी समितीनं स्थानिक सुट्टी ठरोली. सांजच्याले गावात दवंडी देल्ली. टोल्यावर आयकू गेली नसंल, दूर हाये. पोरगी त काई वापस येत नाई. तुमची चार वर्षं राह्यली नोकरीची. तुमी तरी वाचा." त्यांच्या आवाजात माया होती. कोतवाल लच्छूनं दवंडी दिल्याची सही केली, समितीतल्या चौघांनी केली, खाली मुख्याध्यापिकेची जागा होती तिथं नूतननं केली. सही नेहमीसारखीच आली, वळणदार. चौकशी झाली, मिटली. कागदावर पोर सुट्टीच्या दिवशी आईबापाच्या चुकीनं रानात गेली होती.

इसरूनं ते मानलं. नूतनला सगळ्यात जास्त छळतं ते हे. त्यानं भांडण केलं असतं, शिव्या दिल्या असत्या, दारावर धोंडे मारले असते, तर तिला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. तो तेराव्या-चौदाव्या दिवशी शाळेत आला, व्हरांड्याच्या पायरीशी बसला आणि म्हणाला, "बाई, आमालेच आयकू नाई आलं. सारं गाव आयकलं, आमीच नाई आयकलो." तेव्हापासून तो रोज संध्याकाळी दोन किलोमीटर चालत गावात येतो. चौकात, पाराशी, क्षणभर थांबतो आणि जो दिसेल त्याला विचारतो, आज काही दवंडी झाली का? नाही म्हटलं की परत जातो. पावसाळ्यातही आला. नाल्याला पाणी असलं की काठी घेऊन यायचा. पहिले काही दिवस गावातले लोक खाली पाहून उत्तर द्यायचे, पुढं सवय झाली, आता तर पोरं त्याला 'दवंडीबुवा' म्हणतात. एकदा गुणवंतरावांनी नूतनला हे सांगितलं आणि सांगता सांगता पुडी काढली. तंबाखू मळत राहिले. ती संध्याकाळच्या एसटीनं निघून जात असल्यामुळे तिनं ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण घरी दिवेलागणीला कुकरची शिट्टी झाली की तिला वाटायचं, आता तो नाल्याशी आला असेल. आता बांबूच्या बेटाशी. आता विचारत असेल.

धाकटी मोनाली यंदा पहिलीत आली. इसरूच तिला आणून सोडतो, इसरूच न्यायला येतो. तिला अजून वाचता येत नाही. हे आठवलं तशी नूतननं मोबाइल सुलटा केला आणि निकेशला फोन लावला. एसटीच्या आवाजात ओरडावं लागत होतं. "ती चार नंबरची सूचना काढा. आत्ता. ग्रुपवरून सगळंच काढा."

"काढतो म्याडम," निकेश म्हणाला. "पन कागद त काल वाटले न. ज्याइच्याजवळ मोबाइल नाई त्याइच्या पोराइच्या दप्तरात टाकले. पंधरा झेरॉक्स."

"मोनालीच्या?"

"तिच्या बी. म्याडम, ते लोकं इथीच बसून हायेत. तिचा बाप आन् माय. साडेधापासून. म्हनतात, बाईकडूनच वाचून घेतो."

नूतननं फोन बंद केला. पेरूवाल्या बाईनं विचारलं, "काई झालं का जी?" तिनं मान हलवली. एका बैलबंडीमागं एसटी हळूहळू चालली होती आणि तिला ती आणखी हळू चालावी असं वाटत होतं. वाचून दाखवायचं, तिसरीनंतर चौथी गाळून सरळ पाचवीवर जायचं, त्याला काय कळणार? हे इतकं सोपं होतं, की ती स्वतःलाच घाबरली. किंवा असं म्हणायचं, चौथी चुकून राहिली, यंदा सुट्टी आहे. तेही सोपं. मोनाली घरी राहील, जिवंत राहील, आणि इसरू संध्याकाळी चौकात येऊन विचारत राहील, उरलेलं सगळं आयुष्य, जी दवंडी कधी झालीच नाही ती आपल्यालाच कशी ऐकू आली नाही म्हणून. चार वर्षांची तीन झाली होती नोकरीची. पेन्शन होतं, लेकीचं नागपूरचं शिक्षण होतं. आणि ज्या चौघांनी सह्या केल्या होत्या ते होते, लच्छू होता, ज्याला वाचता येत नाही. ती फाट्यावर उतरली. कंडक्टर म्हणाला, "संभाळून म्याडम."

शाळेपर्यंतचा रस्ता तिनं कसा कापला ते तिला सांगता आलं नसतं. व्हरांड्यात इसरू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. सुकरी खांबाला धरून उभी होती, विळा कमरेला खोचलेला, कापणीवर जायच्या तयारीनं आलेली. आत निकेश पोरांकडून पाढे म्हणून घेत होता. इसरू उठला. त्याच्या हातात झेरॉक्स होती, चार घड्या घातलेली, काळजीपूर्वक.

"बाई, मोनालीले वाचता नाई येत अजून," तो म्हणाला. "पयले थोरली वाचून दाखवे. आता तुमीच वाचा."

नूतननं त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. मग तीही खाली, व्हरांड्याच्या पायरीवर बसली, आणि तिनं कागद गुडघ्यावर उलगडला. पहिली वाचली, सुट्टीनंतर शाळा रोज ठीक साडेदहाला भरेल. इसरूनं मान डोलावली आणि सुकरीला गोंडीत सांगितलं. दुसरी, मुलांना दररोज गरम पोषण आहार मिळेल. तिसरी, वनखात्याचं गस्ती पथक सकाळी शाळेच्या वाटेवर हजर राहील. ही ऐकून इसरूचा चेहरा जरा उजळला, त्यानं सुकरीला ती दोनदा सांगितली. चौथीवर नूतनचं बोट थांबलं. आत पोरं सतराचा पाढा म्हणत होती. तिनं ती ओळ वाचली, प्रत्येक शब्द, अनिवार्यसकट. मग कागद बाजूला ठेवला.

"हे खरं नाही, इसरूभाऊ," ती म्हणाली. "त्या दिवशी शाळा नसते. कधीच नव्हती. मागच्या वर्षीही नव्हती."

"हो ना, बाई. सुट्टी होती. दवंडी झालती."

"दवंडी झाली नव्हती."

इसरूनं ठामपणे मान हलवली, झालती म्हणून.

"कुणीच दवंडी दिली नव्हती. ते आम्ही नंतर लिहिलं. माझी सही आहे त्याच्यावर. मी ही ओळ साहेबांना दाखवायला टाकत होते. येणार नव्हते मी त्या दिवशी. घरी होते. करिश्मा आली होती इथं. फळा लिहून गेली होती. तो मी पुसला." तिचा आवाज इतका कोरडा होता की तिला तो दुसऱ्या कुणाचा वाटला. आपण रडू असं तिला वाटलं होतं. रडू आलं नाही.

इसरूनं सावकाश विचारलं, "मंग बाकीच्याइनं पोरं काऊन नाई धाडले?"

"त्यांना माहीत होतं."

"कोन सांगतलं त्याइले?"

"कुणी नाही. माहीतच होतं."

तो सुकरीकडे वळला आणि गोंडीत सांगायला लागला. नूतन या शाळेत नऊ वर्षं होती आणि तिला गोंडी येत नव्हती. त्या सगळ्या बोलण्यात तिला एकच शब्द ओळखता आला, दवंडी, तो तीनदा आला. सुकरी ऐकत होती. मध्येच तिनं खांबावरचा हात काढला आणि काहीतरी म्हटलं, अगदी थोडं.

"काय म्हणाल्या त्या?" नूतननं विचारलं.

"थे म्हनते, पोरगी जात नोती त्या दिवशी. थंडी होती. झोप येऊन राह्यली म्हने. हिनंच हाकललं तिले. बाई वाट पाहून राह्यल्या असतीन म्हनून."

सुकरी नूतनकडे पाहत होती. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त खात्री करून घेत होती, बाईला मराठीत नीट पोहोचलं ना. आत पाढा थांबला होता. दारात निकेश येऊन उभा राहिला होता आणि नूतननं मागं न बघता त्याला हातानं आत जायची खूण केली. तिला गुणवंतराव आठवले, रजिस्टर आठवलं. उद्या काय होईल ते होईल असं वाटलं, आणि त्यानं कसलंच हलकं वाटलं नाही. सांगितलं की ओझं उतरतं असं तिनं मुलांना कितीदा शिकवलं होतं. उतरलं नव्हतं. त्या दोघांच्या अंगावर जाऊन पडलं होतं.

इसरू वाकला. पायरीवरचा कागद त्यानं उचलला, धूळ झटकली आणि तिच्यापुढं धरला.

"बाई, आमाले वाचता नाई येत," तो म्हणाला. "बाकीच्याइले मालूम असते, आमाले मालूम नसते. मोनालीले त शिकवाचं हाये. तुमी असं करा. याच्यातलं जे खरं हाये ना, तेवढ्यावर टिक मारून द्या. बाकी आमी नाई धरनार."

नूतननं पर्समधून पेन काढलं. पहिली सूचना पाहिली. निकेश शेजारच्या घरात राहतो म्हणून साडेदहाला कुलूप तरी निघतं, पण तिची एसटी अकराच्या आधी कधीच पोहोचत नाही, आणि आत्ता घड्याळात सव्वाअकरा झाले होते. दुसरी. आठ दिवस तांदूळ आला नव्हता, चूल थंड होती. तिसरी तर निकेशनं वरून आलेल्या पत्रावरून जशीच्या तशी उतरवली होती. त्या वाटेवर गस्त आजवर तिनं पाहिली नव्हती, की कुणीही. चौथी. पाचवीत आधारचं शिबिर होतं, ते दोनदा पुढं गेलं होतं आणि तिसऱ्यांदा जाणार होतं. सहावीत वाचनालय, प्रत्येक मुलाला दर आठवड्याला एक पुस्तक. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली जूनपासून सापडत नव्हती. दोघंही तिच्या पेनाकडे पाहत होते. सुकरी तर जवळ येऊन वाकली होती.

सातवी होती, मुलांची नखं दर रविवारी कापावीत. नूतननं तिच्यासमोर टिक मारली आणि कागद परत दिला.

इसरूनं तो उन्हात धरून वरपासून खालपर्यंत पाहिला.

"एवढंच?" त्यानं विचारलं.